सेवेची पारख

॥ रामकृष्ण हरी ॥

आमच्या उधव्याकडे, तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर, कीर्तन संपून आरती झाली, बुक्का लागला, तरी मंडळी लगेच उठत नाहीत. मग कोणीतरी असा प्रश्न काढतो की ज्याला अभंगाच्या चालीवर उत्तर देता येत नाही. वर्षानुवर्षे फिरून फिरून येणारा असा एक प्रश्न आहे : “महाराज, ही पाद्री मंडळी दवाखाने काढतात, पोरांना शिकवतात, म्हाताऱ्यांचे करतात. याला सेवा म्हणायचे की गळाला लावलेले आमिष?”

प्रश्न विचारणारा रिकामटेकडा नसतो. आमच्याकडे एकाच पाड्यावर एक घर माळकऱ्याचे, दुसरे ख्रिस्ती झालेल्याचे, तिसरे आपल्या हिरव्या देवाला आणि वाघोबाला धरून राहिलेल्या वारल्याचे असे असते. कधी एकाच छपराखाली दोन रीती नांदतात. लग्नात आणि मयतात हा प्रश्न अंगणात येऊन उभा राहतो आणि उत्तर चुकले तर भाऊ भावाशी बोलेनासा होतो. म्हणून याचे उत्तर रागाने देऊ नये आणि गुळमुळीतही देऊ नये. सर्व काही चांगलेच आहे असे म्हणणारा तपासत नाही, सर्व काही कपटच आहे असे म्हणणाराही तपासत नाही. सोनार कसाला लावल्याशिवाय सोन्याचे मोल सांगत नाही, मग आपण माणसाच्या आयुष्याचे मोल न तपासता कसे सांगावे?

संतांची रीत दृष्टांत घेऊन विचार करण्याची आहे. म्हणून या प्रश्नासाठी एक चरित्र घेऊ. ते ना आपल्या संप्रदायातले, ना आपल्या धर्मातले. गोव्यातल्या एका कॅथलिक पाद्र्याचे हे चरित्र आहे. लढायांनी आणि फितुरीच्या संशयाने पोळलेल्या परक्या देशात हा पाद्री गेला आणि पुन्हा घरी आला नाही. त्यांचे नाव जोसेफ वाझ. जन्म 21 एप्रिल 1651, साष्टीतल्या बाणावली गावी. आपल्या तुकोबारायांचे वैकुंठगमन झाले 1650 मध्ये, म्हणजे इंद्रायणीकाठचा तो वियोग ताजा असतानाच इकडे हे मूल जन्मले. काळ एकच होता. राज्य मात्र वेगळे, पोर्तुगिजांचे. ते राज्य आपल्याला फार परके नाही. त्या काळी वसईपासून डहाणू, दमणपर्यंतचा किनारा त्यांच्याच ताब्यात होता. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा या भागातून ते गेले. उधव्याला लागूनच असलेल्या नगर हवेलीतून तर ते 1954 मध्ये गेले. त्यामुळे पाद्री या शब्दाबरोबर आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या मनात फिरंगी राज्यही उभे राहते.

आधी पूर्वपक्ष पुरता मांडू. प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून खोडणे हा शास्त्राचा मार्ग नव्हे.

वाझ यांच्या घराण्याचे मूळ गाव सांकवाळ. त्या सांकवाळचा लक्ष्मीनृसिंह आज सांकवाळात नाही, तो वेलिंगला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळे पाडायला सुरुवात केली, तेव्हा भक्तांनी देवाला उचलून फोंड्याकडे, त्यांच्या हद्दीबाहेर नेले. शेजारच्या कुठ्ठाळीचा मंगेश असाच प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. 1560 पासून गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन होते. माणूस घरात काय खातो, कोणता सण पाळतो, लग्नात काय गातो, याची तिथे चौकशी होई. 1684 मध्ये तर व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी आपली कोंकणी बोली सोडावी आणि पोर्तुगीज बोलावे. हे सर्व घडले आणि घडवणाऱ्यांच्या हाती क्रूस होता. ज्याचा देव रातोरात डोक्यावर घेऊन नदीपार करावा लागला, त्याने पाद्र्याच्या सेवेकडे संशयाने पाहिले तर त्याला संकुचित म्हणू नये. हा संशय त्याने पुरेपूर किंमत मोजून मिळवलेला आहे.

आता त्याच गोव्यातून निघालेल्या या माणसाकडे पाहू.

वाझ पाद्री झाले तरी ते सत्ताधारी गोऱ्या पाद्र्यांपैकी नव्हते. ते इथल्याच मातीचे, बाटलेल्या ब्राह्मण घराण्यातले होते. त्यांनी ज्या संघाला आकार दिला, त्यातही त्या काळी ब्राह्मण कुळातून आलेल्या ख्रिस्त्यांनाच घेत. धर्म बदलला तरी जात मागे राहिली नाही, हेही इथे नोंदवून ठेवू. चोखोबांना महाद्वाराच्या बाहेर उभे करणाऱ्या समाजातल्या आपण त्यावर हसण्याचे कारण नाही. तरुणपणी, 1677 मध्ये, त्यांनी स्वतःला मारिया मातेचा विकत घेतलेला दास म्हणून लिहून दिले. ते दास्यपत्र प्रसिद्ध आहे. भक्तीत दास्याचे स्थान कोणते हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही. पण दास म्हणवणे सोपे असते. धनी कुठे पाठवील ते आपल्या हाती नसते, ही त्यातली अवघड गोष्ट.

त्यांना जावे लागले सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला. त्या बेटाची अवस्था काय होती? किनाऱ्यावर आधी पोर्तुगीज होते. डचांनी त्यांच्याशी लढून 1656 मध्ये कोलंबो आणि 1658 मध्ये जाफना घेतले. मधल्या डोंगराळ भागात कँडीचा बौद्ध राजा दोघांपासून आपले राज्य राखून होता. डच प्रॉटेस्टंट पंथाचे होते. त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना हाकलले आणि त्यांना आसरा देणाऱ्याला कठोर शिक्षा ठरवली. पाहा, काळाचे चक्र कसे फिरते! गोव्यात ज्या धर्माच्या हाती दंड होता, तोच धर्म सिलोनमध्ये दंडाखाली होता. तिथल्या कॅथलिक लोकांनी वर्षानुवर्षे आपला पाद्री पाहिला नव्हता. ही वार्ता ऐकून वाझ 1686 मध्ये गोव्यातून निघाले आणि 1687 मध्ये जाफन्याच्या किनाऱ्याला लागले. झगा नाही, ओळखपत्र नाही, अंगावर मजुराचे कपडे. सोबत एक सेवक.

उतरताच त्यांना रक्ताची हगवण लागली. परक्या गावात भिकाऱ्यासारखे पडून होते, तेव्हा कोणा दयाळू बाईने पेज आणून घातली आणि ते वाचले. बरे झाल्यावर त्यांनी काय केले? गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भिक्षा मागत हिंडू लागले. कोणत्या घरचा डोळा त्या माळेवर थबकतो, हे ते पाहत. जो थबकला तो आपला. वाचक माउली, हे वाचताना आपला हात नकळत आपल्या तुळशीमाळेकडे जातो की नाही? मात्र इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपली माळ आपल्याला मान मिळवून देते. त्यांच्या माळेने त्यांना पकडून दिले असते.

1689 च्या नाताळच्या रात्री डचांनी छापा घातला. वाझ निसटले, पण पूजेला जमलेली माणसे पकडली गेली. पुढे 1692 मध्ये ते कँडीला गेले, तर तिथे पोर्तुगिजांचा हेर म्हणून त्यांना कैदेत टाकले. लढाईने पोळलेल्या राज्यात येणारा प्रत्येक अनोळखी माणूस हेरच वाटतो, त्यात राजाला दोष देता येत नाही. कैदेत असताना ते सिंहली शिकू लागले. तमिळचा अभ्यास तर आधीच चालू होता. ज्या दशकात गोव्याचा व्हाइसरॉय लोकांच्या तोंडातून त्यांची बोली काढून घेऊ पाहत होता, त्याच दशकात गोव्याहून निघालेला हा माणूस दुसऱ्यांची बोली आपल्या तोंडात बसवत होता. या एका गोष्टीत दोन पाद्रीपणांतला फरक सगळा आला.

राजा दुसरा विमलधर्मसूर्य बौद्ध होता. त्याने हळूहळू ओळखले की हा माणूस हेर नाही. त्याला मोकळे केले आणि राज्यात वावरू दिले. त्यानंतर 1697 मध्ये कँडीत देवी आल्या.

देवी आल्या म्हणजे काय, हे आजच्या तरुणांना कळणार नाही. आमच्या पिढीच्या दंडावर देवी काढल्याची खूण आहे आणि गावोगावी देवीच्या व्रणांनी भरलेले चेहरे आम्ही पाहिले आहेत. हिंदुस्थानात 1975 नंतर तो रोग उरला नाही आणि 1980 मध्ये जगातून तो नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. तीनशे वर्षांपूर्वी मात्र त्यावर औषध नव्हते. अंगभर फोड, ताप, दुर्गंधी, आणि जवळ येईल त्याला तोच रोग. कँडीत ज्यांना जाता आले ते शहर सोडून गेले. लागण झालेल्यांना रानात नेऊन सोडले गेले. आईबापांनी लेकरांना आणि लेकरांनी आईबापांना टाकले. वाझ आणि त्यांचा भाचा जोसे कार्व्हाल्यो, तोही पाद्रीच, हे दोघे मागे राहिले. त्यांनी टाकलेली माणसे शोधली, झोपड्या उभारल्या, ओस पडलेल्या घरांत आजारी ठेवले. फोड धुतले, पेज शिजवून भरवली, मेलेल्यांना खड्डे खणून पुरले. त्या आजाऱ्यांत कॅथलिक थोडे आणि बौद्ध पुष्कळ होते. साथ ओसरेपर्यंत हे चालले. राजाने त्यांचे ऋण मानले आणि पुढे त्यांना राज्यात मोकळीक मिळाली, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे.

पुढे वरच्या पदावर नेमण्याची गोष्ट निघाली, ती त्यांनी नाकारली. 16 जानेवारी 1711 रोजी कँडीतच देह ठेवला. गोवा पुन्हा पाहिला नाही. तिथेच पुरले, पण ती जागा नेमकी कोणती हे आज कोणाला सांगता येत नाही. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले, पण डोके टेकायला समाधी नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही सेवा की आमिष?

कोणी म्हणेल, त्यांच्या मनात आपला धर्म वाढावा असे नव्हतेच. तसे म्हणणे खोटे होईल. ते धर्मप्रसारक होते. आपला ख्रिस्त सर्वांनी ओळखावा असे त्यांना मनापासून वाटे आणि त्यासाठीच ते तिथे गेले. मग त्यांची सेवा हेतूने बाटली का?

इथे दोन शब्द वेगळे करावे लागतात. एक हेतू, दुसरी अट. हेतू देणाऱ्याच्या मनात असतो, अट घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. आपल्याला जे गोड लागले ते दुसऱ्यालाही मिळावे असे वाटणे हा दोष धरला, तर कीर्तनकाराने तोंडच उघडू नये. आम्ही गावोगाव वीणा घेऊन गेलो ते कशासाठी? माळ घाल, एकादशी कर, दारू सोड, असे सांगण्यासाठीच ना? हेतू आम्हालाही होता. पण तहानलेल्याच्या तोंडाशी तांब्या धरून “आधी माळ घाल” असे कोणी म्हटले, तर तिथे सेवा संपली आणि सौदा सुरू झाला. भगवंतांनी गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आणि ज्ञानोबारायांनी ते उलगडून दाखवले. परत काही मिळावे म्हणून दिलेले दान राजस ठरते. ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याला, देणे हे कर्तव्य म्हणून दिलेले दान ते सात्त्विक. देवीने फुटलेला, नातलगांनी रानात टाकलेला माणूस कोणती परतफेड करणार होता? तो बहुधा मरणारच होता. त्याच्या तोंडात पेजेचा घोट घालताना त्याचा देव कोणता हे विचारले गेले नाही. म्हणून पहिली परीक्षा ही : सेवेला अट होती का?

दुसरी परीक्षा हाताची आहे. देणाऱ्याच्या एका हातात भाकर असेल आणि दुसऱ्या हातात काठी असेल, तर भाकरीची चव ठरवता येत नाही. घेणारा भुकेने घेतो की भीतीने, हे त्याचे त्यालाही कळत नाही. गोव्यात इस्पितळेही होती आणि इन्क्विझिशनही होते. तिथली सेवा खरी असली तरी तिच्यावर काठीची सावली पडली होती. कँडीत वाझ यांच्यामागे ना फौज, ना व्हाइसरॉय. ते स्वतःच कैदी, नंतर राजाच्या मर्जीने राहणारे परदेशी. आजारी माणूस त्यांना हाकलू शकत होता, पण ते आजाऱ्याला भाग पाडू शकत नव्हते. ज्या सेवेला नकार देता येतो, तीच स्वीकारली तर खरी स्वीकारली जाते. माझ्या मते हीच कसोटी सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती कोणा एका धर्मापुरती नाही. निवडणुकीच्या तोंडावर धान्य वाटणाऱ्याला ती लावावी. सावकारालाही लावावी. 1945 मध्ये आमच्या झरी गावी वारल्यांनी जमून ज्या वेठीला नकार दिला, त्या वेठीचे जमीनदारही अडल्यावेळी धान्य देतच होते. ते धान्य कोणी दान म्हटले नाही.

आणि ही कसोटी आपल्यालाही लावावी. पाड्यावरचे लेकरू शिकायला वसतिगृहात येते, मग ते वसतिगृह पाद्र्यांचे असो की आपल्या कोणा हिंदू संस्थेचे. त्या लेकराला जेवण, वही, अंथरूण मिळते ही मोठी गोष्ट आहे. पण ते जेवण मिळण्यासाठी त्याला आपल्या आजीची गाणी लाजेने गिळावी लागतात का? तारपा वाजवणाऱ्या बापाला मागासलेला म्हणायला ते शिकते का? धान्याची माता कणसरी, तिची कथा सांगणाऱ्या भगताला ते हसते का? असे होत असेल, तर भिंतीवर क्रूस आहे की पांडुरंगाची तसबीर, याने फरक पडत नाही. माळ घालताना माणूस मांसमद्य सोडतो, ते व्रत त्याचे त्याने घेतलेले असावे. पोटाच्या अडचणीतून घेतलेली माळ पोट भरल्यावर खुंटीवर जाते, हे फडातल्या जाणत्यांना ठाऊक आहे.

तिसरी परीक्षा काळाची आहे आणि ती सर्वांत कठीण. संकट आले तेव्हा हा राहिला की गेला?

ज्याला जाता येत नाही, त्याच्या राहण्याला धैर्य म्हणता येईल, सोसणे म्हणता येईल. पण ज्याला जाता येते आणि जो जात नाही, त्याचे राहणे ही निराळीच वस्तू आहे. वाझ गोव्याला परतले असते तर कोणी बोट दाखवले नसते. साथीतून पळणे हा माणसाचा धर्मच आहे. राहणे कोणाकडून मागता येत नाही. म्हणूनच ते देणे ठरते. आपल्या महाराष्ट्राला याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुले पुणे सोडून जाऊ शकत होत्या. त्या मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या आणि त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी गेल्या.

ज्या श्रीलंकेत वाझ यांनी देह ठेवला, तिथे 1983 ते 2009 पर्यंत पुन्हा युद्ध पेटले. या वेळी भांडण सिंहली सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात होते. डचांच्या जाचातून पळालेल्या कॅथलिकांनी सतराव्या शतकात आपली मातेची मूर्ती मडू नावाच्या रानात नेऊन ठेवली होती. आमच्या मंगेशासारखीच तीही निर्वासित मूर्ती. या नव्या युद्धात त्याच मडूच्या आवारात हजारो निर्वासितांनी आसरा घेतला. 1999 मध्ये तिथेही तोफगोळे पडले आणि आसऱ्याला आलेली माणसे मेली. 2009 च्या मे महिन्यात युद्ध संपताना फादर फ्रान्सिस जोसेफ नावाचे वृद्ध तमिळ पाद्री शरण जाणाऱ्यांबरोबर सैन्याच्या ताब्यात गेले. पुढे त्यांचा ठाव लागला नाही. तिकडे अरबस्तानात, येमेनच्या युद्धात, बहुतेक परदेशी देश सोडून गेले तरी मदर तेरेसांच्या भगिनी एडनच्या वृद्धाश्रमात राहिल्या होत्या. 4 मार्च 2016 रोजी तिथे शिरलेल्या बंदूकधाऱ्यांनी सोळा जणांना मारले. त्यांत चार भगिनी होत्या. केरळचे फादर टॉम उझुन्नालिल यांना धरून नेले. ते 2017 च्या सप्टेंबरात सुटले. त्या आश्रमातली माणसे अपंग आणि जर्जर होती. त्यांच्याकडून कोणाला काही मिळणार नव्हते. गाडीत बसून निघून जाण्याइतके बळही त्यांच्या पायांत नव्हते. म्हणून त्यांच्याजवळ कोणीतरी राहावे लागत होते, इतकेच.

कोणी विचारील, वारकऱ्याने हे परक्यांचे दाखले कशाला घ्यावेत? तर सांगतो. आपल्या संप्रदायाचा पायाच राहण्यावर आहे. पुंडलिकाची कथा लेकराला ठाऊक असते, पण तिच्यातले मर्म विसरायला होते. पुंडलिक आईबापांची सेवा करत होता तेव्हा देव दारात आला. ज्याच्यासाठी योगी जन्म घालवतात तो स्वतः चालत आला. अशा वेळी हातातले काम टाकून धावले तर कोण दोष देईल? पुंडलिक धावला नाही. त्याने वीट भिरकावली आणि देवाला थांबायला सांगितले. म्हाताऱ्याचे पाय चेपायचे राहिले होते. देवही रागावला नाही, कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तो अजून उभा आहे. म्हणजे पंढरपूरच्या विटेवर जे उभे आहे, ते सेवा अर्धी न टाकणाऱ्या माणसाच्या शब्दाला मान देऊन उभे आहे. सेवा सोडून देवाकडे धावणाऱ्याला देव भेटला, असे आपल्या मूळ कथेत नाही.

यावर एक शंका निघते. पुंडलिकाने स्वतःच्या आईबापांची सेवा केली, परक्यांची नव्हे. बरोबर आहे. पण कथा तिथे थांबत नाही. पुढे नाथमहाराज आले. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे पोर त्यांनी उचलून कडेवर घेतले. रामेश्वराला नेण्याची गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात राजाची कोठारे उघडली, ती स्वतःच्या नातलगांसाठी नाही. पुंडलिकाने आपल्यांसाठी जे केले, ते नाथांनी कोणासाठीही केले. संतांनी आपले या शब्दाची कूस अशी रुंदावत नेली. मग कँडीच्या रानात टाकलेला सिंहली बौद्ध माणूस गोव्याच्या पाद्र्याला आपला वाटला, तर ती वाट आपल्या ओळखीची नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

या चरित्रात आणखी दोघांना विसरू नये. एक ती पेज आणणारी बाई. तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. तिने त्या दिवशी पेज आणली नसती तर दहा वर्षांनी कँडीतल्या आजाऱ्यांना पेज मिळाली नसती. दुसरा तो बौद्ध राजा. परक्या धर्माच्या, हेर म्हणून पकडलेल्या माणसाला त्याने पारखले आणि आपल्या प्रजेत वावरू दिले. सेवा करणाऱ्याला पुण्य असते, तसे सेवेला जागा देणाऱ्यालाही असते. संशय बाळगणे राजाचे काम होते. तो संशय पुराव्यापुढे खाली ठेवणे हा त्याचा मोठेपणा. आमच्या पाड्यांवर संशय पुष्कळ आहे आणि त्याला इतिहास आहे, हे वर सांगितलेच. पण संशयाने तपास करावा. तपास झाल्यावरही तो तसाच धरून बसला, तर त्याचे नाव वैर होते.

वारी ही जाऊन परत येण्याची असते. आषाढीला पंढरी, पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या भेटीला त्र्यंबकेश्वर. दिंडी जाते, दर्शन होते, दिंडी घरी येते. हे योग्यच आहे, कारण वारकरी प्रपंच सोडत नाही. पण घरी आल्यावर त्याने कोणाजवळ तरी राहायचे असते, नाहीतर वारी नुसते चालणे ठरेल. 2020 मध्ये महामारीमुळे पायी वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटी बसने पंढरीला गेल्या. त्या दिवसांत किती घरांनी आपल्याच माणसाचे प्रेत घ्यायला नकार दिला, हे सर्वांनी पाहिले. आणि कोणी कोणी परक्यांची प्रेते खांद्यावर घेतली, हेही पाहिले. कँडीतले 1697 साल फार लांबचे नाही. तेव्हा खांदा देणाऱ्याच्या गळ्यात कोणती माळ आहे, हे ओळखायला कोणी थांबले नाही.

तेव्हा कीर्तनानंतर विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. पाद्री म्हणून कोणाला नाकारू नये आणि पाद्री म्हणून कोणाला डोक्यावरही घेऊ नये. तीन गोष्टी विचाराव्यात. देताना अट घातली का? देणाऱ्याच्या दुसऱ्या हातात काठी होती का? आणि दुखणे, दुष्काळ, युद्ध आले तेव्हा तो राहिला का? या तिन्हींत जो उतरला, त्याला हात जोडावेत. त्याचा देव कोणत्या नावाने हाक मारल्यावर ओ देतो, ते त्याचे आणि देवाचे पाहतील. जो उतरला नाही, तो आपल्या दिंडीत पुढे वीणा घेऊन चालणारा का असेना, त्याच्या सेवेला सेवा म्हणू नये.

आणि हे तिन्ही प्रश्न दुसऱ्याला विचारण्याआधी ज्याने त्याने आपल्या घरच्या खाटेकडे पाहावे. तिथे कोणी म्हातारे माणूस पडलेले असेल. हरिपाठाची वेळ झाली असेल, टाळ वाजू लागले असतील, आणि त्याच वेळी त्याने पाणी मागितले असेल. आधी पाणी द्यावे. विठोबाला थांबायची सवय आहे.

॥ रामकृष्ण हरी ॥